तापल्या चाकाला पाणी

खाणीचा तळ, शिरड शहापूरजवळ
ता. ६ फेब्रुवारी १९३९

ती. गंगूताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. महिनाभर पत्र नाही म्हणून तू शेजारीपाजारी माझा उद्धार केला असशील. रागावलेल्या माणसाला आधी चांगली बातमी द्यावी, म्हणून तीच देतो. तुझ्या शेजारच्या सटवाजी लोहाराच्या पोरानं नाव काढलं!

तू संतरामला माझ्या गळ्यात बांधलंस तेव्हा मी मनातून कुरकुरलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. ऐरणीवरचा माणूस गाडीवर काय करणार, असं वाटलं. आमची गाडी म्हणजे काय, तर चार वाघिणी एकीला एक जोडलेल्या. वर टेकडीवर खाण आहे, तिथं त्या खडीनं भरतात. खाली स्टेशनापर्यंत दोन मैलांचा उतार आहे. इंजिन नाही. गाडी स्वतःच्या वजनानं खाली येते आणि रिकामी झाली की बैल तिला वर ओढून नेतात. पुढच्या वाघिणीवर एक माणूस ब्रेकचं हातचाक आवळत उभा असतो, आणि ब्रेकचे लोखंडी गुटके सगळा उतार चाकांना घासत असतात. तो माणूस आता संतराम.

खाली पोचेपर्यंत चाकं अशी तापतात की गडी त्यांच्यावर विड्या पेटवतात. ती निवायला तास-दीड तास जायचा, तोवर गाडी वर नेता येत नसे. दिवसाला दोन खेपा होत. संतरामनं आठवडाभर हे पाहिलं आणि एके दिवशी बैलांच्या हौदातली बादली उचलून सरळ चाकावर रिकामी केली. चर्रर्र करून वाफ उठली, बैल बुजले, आणि खाणीचे साहेब तंबूतून धावत बाहेर आले. संतराम म्हणाला, “बैलगाडीच्या धावंला आमी असंच पानी देतो. लोखंड आवळतं, पक्कं व्हतं.” आता पाच मिनिटांत चाकं गार होतात आणि खेपा चार होतात. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, आणि मी त्याला आणला म्हणून माझीही.

हे सगळं सटवाजींना वाचून दाखव. त्यांच्या पोरानं मुद्दाम सांगितलंय.

तुझा,
सूर्यकांत

•

सेनगाव
ता. १५ फेब्रुवारी १९३९

चि. सूर्यकांत,

आशीर्वाद. तिथी लिहिली तर तुझ्या हापिसातल्या जिवाला कळत नाही, म्हणून मीही तारीखच घातली आहे. पाहा, म्हातारपणी काय काय शिकावं लागतं.

पत्र आलं तेव्हा सटवाजी भात्यापाशी होते. मी वाचत गेले आणि त्यांचा भाता थांबत गेला. पाण्याची बादली आली तशी ते उठूनच उभे राहिले. म्हणाले, “पोरगं बापाचा धंदा इसरलं न्हाई, ताई. लोखंडाला पानी म्हंजे ताकद. बराबर केलं त्यानं.” मग मला तिथंच बसवून धाव कशी चढवतात ते सगळं सांगितलं, जणू मी जन्मभर त्यांच्या शेजारी राहून कधी पाहिलंच नाही. लोखंडी कडं गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं, लाकडी चाकावर बसवायचं आणि वरून पाणी ओतायचं, की ते कडं आकसून चाकाला मिठी मारतं. ही धाव वर्ष वर्ष हलत नाही.

त्यानंतर त्यांनी बाजारच्या दिवशी काय केलं असेल? विळा घ्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी आगगाडीची गोष्ट आणि मग विळा. संध्याकाळपर्यंत ती चार वाघिणींची गाडी चौदा वाघिणींची झाली होती आणि साहेबानं संतरामच्या गळ्यात हार घातला होता. मी काही दुरुस्ती केली नाही. बापाचं कौतुक आहे, करू द्यावं.

त्यांची सून, संतरामची बायको शकुबाई, दारामागं उभी राहून ऐकत होती. तिनं मला जाताना गुळाचा खडा दिला. खरं सांगू? चांगली बातमी वाचणाऱ्या बाईचं मोठं स्वागत होतं रे. तू अशीच पत्रं पाठवत जा.

एवढंच, की संतरामला जपून राहायला सांग. शेरभर कौतुकानं माणूस मणभर फुगतो. हे तुलाही लागू आहे.

गंगूताई

•

खाणीचा तळ
ता. २० मार्च १९३९

ती. गंगूताई,

नमस्कार. इथं ऊन आता डोक्यावर बसलं आहे. खडक दुपारी हात लावू देत नाही. पण काम जोरात आहे. साहेबांनी दुसरी गाडी आणली, तीवर प्रेमसिंग नावाचा गडी ब्रेकला आहे. शांत माणूस, संतरामशी त्याचं चांगलं जमतं. दोन्ही गाड्यांच्या रोज पाच-पाच खेपा होतात. साहेबांनी हौदापाशी पाटीच लावली आहे, की खाली येताच ब्रेकवाल्यानं चाकांवर पाणी टाकलंच पाहिजे. जो उशीर करील त्याची हजेरी कापली जाईल. संतरामची युक्ती आता हुकूम झाली.

माझंही एक आहे, पण अजून कोणाला बोलू नकोस. उन्हाळा संपता संपता खालच्या स्टेशनावर हेडबाबूची जागा निघते आहे. साहेब म्हणाले, सूर्यकांत, काम असंच चालू दे, ती जागा तुझी.

आता एक गोष्ट सटवाजींना विचार. संतरामनं दोनदा आठवण करून दिली आहे. चाकांच्या जिथं गुटके घासतात त्या भागावर आडव्या बारीक रेघा दिसू लागल्या आहेत, केसाएवढ्या. बोटाला लागत नाहीत, पण नखाला लागतात. आणि हातोडीनं वाजवलं तर एक चाक इतरांसारखं खणखणत नाही, मडकं वाजवल्यासारखं बद्द वाजतं. संतराम म्हणतो, “बापाला ईचारा, त्यो एका शब्दात सांगल.” त्यांनी काही हरकत घेतली नाही तर मी निर्धास्त.

साहेबांना मी अजून काही बोललो नाही. उगीच हात दाखवून अवलक्षण कशाला.

तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत औषध घालतेस का?

सूर्यकांत

•

सेनगाव
ता. ३० मार्च १९३९

चि. सूर्यकांत,

आशीर्वाद. सटवाजी आठ दिवस तापानं पडून आहेत. भाता बंद, घर गप्प. शकुबाई रात्रंदिवस उशाशी बसलेली असते. वैद्यांचा काढा चालू आहे. संतरामला इतकंच सांग की ताप उतरणीला लागला आहे, रजा काढून धावत येण्याचं कारण नाही.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. पाटीचं ऐकून हसले. इतक्या दिवसांनी हसले म्हणून शकुबाईनं देवापुढं साखर ठेवली. बाकी काही म्हणाले नाहीत. लगेच डोळा लागला.

हेडबाबू होणार तर हो, पण टोपी डोक्याच्या मापाचीच घे. डोळ्यांत औषध घालते.

गंगूताई

•

खाणीचा तळ
ता. १२ एप्रिल १९३९

ती. गंगूताई,

नमस्कार. तुझ्या पत्राची मी इतकी वाट कधी पाहिली नव्हती. सटवाजी ‘काही म्हणाले नाहीत’ हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. लोखंडातला एवढा जाणता माणूस त्या रेघांबद्दल ऐकून गप्प राहतो, म्हणजे त्यात काही नाही. संतरामला सांगितलं तर तोही म्हणाला, “बापानं आवाज काडला न्हाई म्हंजे बराबर हाय.” त्याच दिवशी मी तपासणीच्या रजिस्टरात ‘दोन्ही गाड्यांची चाके पाहिली, ठीक’ असं लिहून सही केली. दोन आठवडे ते पान कोरं होतं आणि साहेब रोज विचारत होते.

तुझ्याशी खोटं बोलत नाही, रेघा वाढल्या आहेत. आता पाहायला खाली वाकावं लागत नाही. परवा एका चाकाच्या कडेवरून चिंचोक्याएवढा टवका निघाला. संतरामनं तो उचलून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाला, घरी गेल्यावर बापाला दाखवीन. बद्द वाजणारी चाकं आता तीन आहेत. पण सवयीनं माणसाला सगळं ऐकू येईनासं होतं. पहिल्या दिवशी त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला होता, आता मी त्याच्याशेजारी बसून डबा खातो.

आखातीच्या सणाला घरी यायचं म्हणून संतरामनं रजा मागितली होती, ती नामंजूर झाली. बावीस तारखेला शनिवारी कंपनीचे मोठे साहेब खाण पाहायला येणार आहेत. तोवर कोणालाच सुट्टी नाही. शकुबाईला सांग की महिनाअखेरीस तो नक्की येईल, मी शब्द देतो.

उतारावर गाडी निघाली की मी हल्ली तंबूत जातो. काहून जातो ते मलाच ठाऊक नाही. बघ, इथं राहून माझ्या तोंडातही ‘काहून’ बसलं. आई असती तर रागावली असती.

सूर्यकांत

•

सेनगाव
ता. १९ एप्रिल १९३९

सूर्यकांत,

हे पत्र किसनराव पाटलांच्या हाती देते आहे. ते घोडीवरून हिंगोलीला जाऊन सकाळच्या गाडीच्या गार्डाकडे देतील. तुला उद्या दुपारपर्यंत मिळायला हवं. मिळताच गाड्या थांबव. दोन्ही. आधी थांबव, मग पुढचं वाच.

माझा गुन्हा सांगते. तुझ्या मार्चच्या पत्रातल्या त्या रेघांच्या ओळी मी सटवाजींना वाचून दाखवल्याच नाहीत. ते तापात होते, पाटीचं ऐकून नुकते हसले होते. पुढच्या ओळींवर माझी नजर गेली आणि मी त्या गिळल्या. म्हटलं, केसाएवढ्या रेघांसाठी आजारी माणसाच्या जिवाला घोर कशाला? बरे झाले की वाचू. मग विसरले. विसरले म्हणणंही खोटं आहे. चांगल्या बातमीची बाई म्हणून मिरवायची मला चटक लागली होती. मी तुला लिहिलं की ते काही म्हणाले नाहीत. त्यांना विचारलंच नव्हतं तर ते काय म्हणणार?

परवा तुझं पत्र आलं. सटवाजी आता उठून बसतात, भाकर खातात. मी नेहमीप्रमाणं वाचायला लागले आणि ‘सटवाजी काही म्हणाले नाहीत’ या वाक्याशी माझी जीभ अडखळली. तोवर ते वाचून झालं होतं. ते म्हणाले, “काय म्हनलो न्हाई? मला ईचारलं कव्हा?” मग मला जुनं पत्र आणून सगळं वाचावं लागलं. ते उठले, भिंत धरत धरत भट्टीपाशी गेले आणि शकुबाईला भाता ओढायला बसवलं.

एका जुन्या धावेचे त्यांनी दोन तुकडे केले. एक बाजूला ठेवला. दुसरा निळा पडेपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा, परत तापवायचा, परत बुडवायचा. मोजणं माझ्याकडं होतं. परवा दुपारपासून काल तिसऱ्या प्रहरापर्यंत साठ वेळा झालं. पन्नासाच्या पुढं त्यावर रेघा आल्या, केसाएवढ्या, नखाला लागणाऱ्या. मग त्यांनी न तापवलेला तुकडा ऐरणीवर धरून दहा घण घातले. तो वाकला, तुटला नाही. दुसऱ्याला एकच घण घातला आणि त्याचे दोन तुकडे झाले. एक उडून भिंतीला लागला.

आता त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते: “बाबू, धावंला पानी वर्साकाठी एक डाव देतेत. मंग ती आपली चालत राहती, गार राहती. तुमी रोज पाच डाव तापवून रोज पाच डाव पानी देऊन राहिले. लोखंडबी थकतं. मानूस थकला तर बसतो, बोलतो. लोखंड बोलत न्हाई, त्येचा आवाज बद्द व्हतो तेवढाच. त्या चाकाला आता भरोसा न्हाई. पानी बंद करा, अन् ती चाकं काडून टाका. पानी बराबर हाय म्हून म्याच बोललो व्हतो. चूक मही हाय, पोराची न्हाई.”

हे संतरामला वाचून दाखव. पूर्ण दाखव. मी केलं तसं करू नकोस.

रजिस्टरात केलेली ती सही खोड. हेडबाबू नाही झालास तर सेनगावात मुलांना बाराखडी शिकव, मी तुला दोन वेळ जेवायला घालीन.

ताई

•

खाणीचा तळ
ता. २२ एप्रिल १९३९

ताई,

संतराम गेला. काल शुक्रवारी सकाळी, दुसऱ्या खेपेला. अंत्यविधी संध्याकाळी इथंच ओढ्याकाठी केला. या उन्हात सेनगावपर्यंत नेणं शक्य नव्हतं. प्रेमसिंग अस्थी घेऊन येतो आहे, त्याच्याच हाती हे पत्र देतो. तुला आता ते त्या घरात वाचावं लागणार आहे, हे मला समजतं. सगळं लिहितो, मग तू काय वाचायचं ते ठरव.

तुझं पत्र मला परवा दुपारी मिळालं. वेळेवर मिळालं, ताई. पोहोचलं नाही असं लिहावं म्हणून मी सकाळपासून तीन कागद फाडले.

पत्र घेऊन मी साहेबांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, परवा मोठे साहेब येणार आणि आज तू मला एका गावठी लोहाराच्या सांगण्यावरून लाईन बंद करायला सांगतोस? मी म्हणालो, चाकं खराब आहेत. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढं सरकवलं आणि विचारलं, ही सही कुणाची? मी म्हणालो, माझी. तू लिहिलं होतंस, सही खोड. दौत समोर होती, टाक समोर होता.

मनाशी म्हटलं, दोनच दिवस. शनिवार जाऊ दे, रविवारी काम बंद असतं, तेव्हा चाकं काढू. पाच आणि पाच दहा खेपा, इतके दिवस काही झालं नाही तर दोन दिवसांत काय होणार आहे.

संध्याकाळी संतराम तंबूशी आला. हात धुऊन आला होता. म्हणाला, “बाबूजी, ताईचं पत्र आलं म्हंतेत. बाप काय म्हनला?” मी तुझं पत्र उघडून त्याच्यासमोर धरलं. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. मी वाचलं, की सटवाजी आता उठून बसतात, भाकर खातात. तो इतका खूश झाला! मग त्यानं विचारलं, “अन् चाकाचं?” मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, “त्याबद्दल काही नाही.” तो म्हणाला, “मंग ठीक हाय.”

काल सकाळी आठाच्या सुमाराला गाडी निघाली. मी तंबूत होतो. प्रेमसिंग खाली हौदापाशी उभा होता, त्यानं पाहिलं. अर्ध्या उतारावर बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि पुढची वाघीण एका अंगाला झुकली. प्रेमसिंग ओरडला, “उडी मार!” संतरामला उडी मारता आली असती, जमीन तिथं फार खाली नाही. पण तो हातचाक आवळतच राहिला आणि ओरडून म्हणाला, “धरलंय, धरलंय!” मग मागच्या तीन भरल्या वाघिणी त्याच्यावर आल्या. खडी उपसायला आम्हांला दुपार झाली.

चाकाची दोन भकलं झाली होती. तुटलेल्या जागी बाहेरून आतपर्यंत अर्ध्याहून अधिक भाग जुना, काळा पडलेला होता. ते कधीपासूनच तुटत होतं. उरलेला थोडाच भाग ताजा, चकचकीत होता. तेवढ्यावर ती गाडी चालली होती.

मला झोप नाही. डोळे मिटले की तो हात धुऊन समोर उभा राहतो. मी मारलं त्याला, ताई, माझ्या हातानं मारलं. सटवाजींपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू? शकुबाईला मी महिनाअखेरीचा शब्द दिला होता. मला काय शिक्षा व्हावी ते त्यांना विचार. ते म्हणतील ते मी करीन.

सूर्यकांत

•

सेनगाव
ता. २४ एप्रिल १९३९

सूर्यकांत,

प्रेमसिंग काल सकाळी आला. त्याच्या हातातलं गाडगं पाहून शकुबाईला कळलं. मला वाचायच्या आधीच कळलं.

तरी मी वाचलं. ओटीवर बसून, अक्षरन् अक्षर. माझी चूक, तुझी चूक, ‘त्याबद्दल काही नाही’ हेही वाचलं. तिथं थांबून पाणी प्यायले आणि तीच ओळ परत पहिल्यापासून वाचली. शकुबाई मध्येच उठून आत गेली. ती माझ्याशी बोलत नाही आणि बोलावं असं मी म्हणणार नाही. सटवाजी शेवटपर्यंत बसून होते. मला वाटलं ते रडतील, शिव्या देतील. मी त्याचीच वाट पाहत होते. खरं तर मला त्या हव्या होत्या.

त्यांनी प्रेमसिंगकडं मान वळवली आणि विचारलं, “तुह्या गाडीचं काय? चालू हाय का बंद?”

प्रेमसिंग खाली पाहून म्हणाला, “चालू हाय, काका. शुक्रवारी सांजंला मोडकं बाजूला वढलं. काल मोठा साहेब आला तव्हा माहीच गाडी सोडली. दोन खेपा केल्या, मंग रजा देली.”

“अन् पानी?”

“पाटी हाय नं. टाकलं.”

“चाकं वाजवून पाह्यलीस?”

“दोन बद्द वाजतेत. न्हाई म्हनलं तर दुसऱ्याला बसवतेत. सोमवारी हजर व्हायाचं हाय मला.”

सटवाजी उठले, प्रेमसिंगच्या मनगटाला धरलं आणि त्याला आत नेऊन बसवलं. म्हणाले, “ह्यो जानार न्हाई. काम पायजे तर भाता हाय मह्याकडं.” आज सोमवार आहे. प्रेमसिंग इथंच आहे, भाता ओढतो आहे.

तू काय शिक्षा घ्यावीस ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “शिक्षेचं मागून पाहू. बाबूला ईचारा, दुसरी गाडी बंद केली का?”

सूर्यकांत, मी तुझं पत्र चारदा वाचलं. कडेकडेला, मागच्या बाजूला, सगळीकडं पाहिलं. तुला झोप नाही हे आहे, तू रडतोस हे आहे, तोंड दाखवायला जागा नाही हे आहे. दुसऱ्या गाडीबद्दल त्यात एक अक्षर नाही. तू शनिवारी बसून हे सगळं लिहीत होतास तेव्हा ती तुझ्या तंबूसमोरून खाली जात होती.

मोठे साहेब येऊन गेले. तू त्यांना काय सांगितलंस? सही खोडलीस का? हेडबाबूची जागा अजून तुझीच आहे का? यांतलं काही मला आता लिहू नकोस. मी तुझी थोरली बहीण, तुझ्या इतकीच दोषी, पण आपण दोघांनी रडायचं ते नंतर रडू.

हे पत्रही गार्डाच्या हाती येतं आहे. उत्तर त्याच गाडीनं, एका ओळीत दे. गाडी बंद केली असशील तर तेवढंच लिही. केली नसशील, तर आज प्रेमसिंगच्या जागी ब्रेकवर कोणाला उभं केलंय त्याचं नाव कळव, आणि त्याचा बाप कोणत्या गावी राहतो तेही कळव. त्याला पत्र मी लिहिते.

गंगूताई